सुपारीएवढं होऊन गळणारं अंजीर: खत टाकण्याआधी जात तपासा

झाड जोमात आहे, पानं हिरवीगार आहेत, प्रत्येक पानाच्या बेचक्यात फळ धरलंय. फळ हरभऱ्याएवढं होतं, मग सुपारीएवढं होतं, आणि तिथून पुढे सरकतच नाही. पिवळसर पडतं, सुरकुततं आणि गळतं. एखाददुसरं नाही, सगळीच. पुढच्या बहाराला पुन्हा तेच. सांगली-साताऱ्यात ज्यांनी ज्यांनी हौसेनं बाहेरच्या देशातल्या जुन्या जातीची अंजिरं लावली आहेत, त्यांच्याकडून सर्वात जास्त वेळा येणारी तक्रार हीच. पूना अंजीर लावणारा शेतकरी ही तक्रार सहसा करत नाही, आणि उत्तराचा धागा तिथेच सापडतो.

आपल्याकडे गळ दिसली की हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जातो. तासगाव-पलूसचा माणूस तर द्राक्षात मुरलेला. तो आधी बोरॉन देतो, मग कॅल्शियम, मग सूक्ष्म अन्नद्रव्यं, आणि शेवटी घरात आहेच म्हणून जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संजीवक. झाड आणखी हिरवं होतं, फांद्या हातभर वाढतात, फळं मात्र गळतच राहतात. कारण झाडाला काही कमी पडलेलंच नसतं. त्या जातीला फळ टिकवायला एक बारीक माशी लागते, आणि ती आपल्या बागेत नाही.

हे नीट समजून घ्यायचं तर उंबराकडे बघा. उंबर फोडल्यावर आतून चिलटं उडतात हे लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलंय. अंजीर त्याच कुळातलं. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आतल्या बाजूला फुलं असलेली बंद पिशवी आहे, आणि टोकाला जो डोळा असतो तेवढीच आत शिरायची वाट. उंबराची माशी वेगळी, वडाची वेगळी, अंजिराची वेगळी. म्हणून बांधावर उंबर असला तरी त्याची चिलटं अंजिराच्या कामाची नाहीत. अंजिराची स्वतःची माशी, ब्लास्टोफागा, जेमतेम दोन मिलिमीटरची. ती नर झाडाच्या, म्हणजे कॅप्री अंजिराच्या फळात वाढते आणि तिथून पराग घेऊन मादी झाडाच्या फळात शिरते.

आता मादी झाडांत तीन तऱ्हा आहेत. पहिली साधी तऱ्हा: हिला माशी लागत नाही, परागाशिवाय फळ पिकतं. आपलं पूना अंजीर, दौलताबादकडचं दिनकर, नर्सरीत सर्रास मिळणारं डायना, सगळी यातली. पुरंदरच्या ज्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळं पीक माशीशिवाय उभं आहे. (सांगलीतल्या जैन घरांतून अंजिरात किडा असतो का हा प्रश्न हमखास येतो. आपल्या भागातल्या ताज्या अंजिराच्या पिकण्यात या माशीचा काहीच संबंध नाही, एवढं खात्रीनं सांगता येतं.) दुसरी तऱ्हा स्मर्नाची: परागीकरण झालं नाही तर एकही फळ टिकत नाही. तिसरी सॅन पेड्रो: जुन्या फांदीवरचं पहिलं फळ माशीविना पिकतं, नव्या फुटीवरचं मुख्य पीक मात्र माशी नसेल तर गळून जातं.

ही फसगत काही आपलीच नाही. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात तुर्कस्तानातल्या स्मर्नाहून, म्हणजे आजच्या इझमीरहून, अंजिराच्या काड्यांची मोठी खेप गेली. झाडं झकास वाढली आणि वर्षानुवर्षं फळं गळत राहिली. स्मर्नाच्या लोकांनी मुद्दाम वांझ काड्या दिल्या असंही तिथल्या काहींना वाटलं. तुर्की शेतकरी नर अंजिराची फळं बागेत टांगतात, हे कुणी सांगितलं तर ती अडाणी समजूत मानली जायची. खरं तर ही रीत ग्रीक थिओफ्रास्टसनं दोन हजार वर्षांपेक्षा आधीच लिहून ठेवली होती. शेवटी १८९९ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगलनं अल्जीरियातून माशा असलेली नर फळं धाडली, फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंगच्या बागेत त्या माशा रुजल्या, आणि मग पीक हाती आलं. तुर्कस्तानची सारीलोप आणि कॅलिफोर्नियाची कॅलिमिर्ना ही एकच जात. दुकानात मिळणाऱ्या तुर्की सुक्या अंजिरातही बहुतेक तीच असते.

फळ चिरून बघा

पलूसजवळच्या एका मळ्यात असं एक झाड आहे. चार वर्षांचं, ठिबकवर, खाली मुरमाड जमीन, कसलीच उणीव नाही. गळलेलं फळ विळीवर उभं चिरलं. आत पांढराफटक, कोरडा भाग, मधे पोकळी, फुलांच्या तंतूंना रंगाचा मागमूस नाही, आणि बी म्हणून जे दिसत होतं ते नखाखाली चिरडल्यावर नुसतं फोलपट. झाडावर शिल्लक असलेली फळंही चाचपून पाहिली, तर एकाच वयाची सगळी मऊ आणि पोचट लागली. मालकाला काडी देणाऱ्या नर्सरीनं नुसतं 'तुर्की गोड' एवढंच सांगितलं होतं. मालक तात्यांचं म्हणणं एकच: "पण ज्यानं काडी आणली त्यानं तिकडं त्याच झाडाचं फळ खाल्लंय की!"

खाल्लं असेलच. तिकडे माशी आहे. म्हणून 'तिकडे फळं लागत होती' हा पुरावा धरायचा नाही. काडी कुठल्या गावातून आली ते विचारा. तुर्कस्तान, इटलीचा दक्षिण भाग, कॅलिफोर्नियाचा उबदार भाग, इथे माशी आहे. तिथल्या परसातलं झाड भरभरून फळ देत असलं तरी आपल्याकडे त्याचा भरवसा नाही. पण तीच जात न्यूयॉर्क, शिकागो किंवा टोरांटोसारख्या कडाक्याच्या थंडीच्या गावात, जिथे माशी तग धरत नाही, तिथे पिढ्यान्‌पिढ्या फळ देत असेल, तर ती सांगलीतही फळ धरणार.

म्हणून मला सर्वात भरवशाच्या वाटतात त्या इटालियन आणि पोर्तुगीज स्थलांतरितांनी थंड मुलखात जपलेल्या जाती. सिसिलीतून, कालाब्रियातून गेलेली माणसं सामानात काड्या गुंडाळून घेऊन गेली. ब्रुकलिनच्या परसात दर हिवाळ्याच्या तोंडाला झाड गोणपाटात गुंडाळायचं, नाहीतर आख्खं वाकवून चरात पुरायचं आणि थंडी सरल्यावर उकरून उभं करायचं, हा त्यांचा नेम होता. गावाची चव परक्या मुलखात टिकवायला माणूस किती कष्ट घेतो, हे आपल्या विटा-आटपाडी-खटावच्या, गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या घरांना वेगळं सांगायला नको. त्या झाडांना बर्फानं जमिनीपर्यंत मारलं तरी बुडातून फुटायचं आणि त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, छोट्या उन्हाळ्यात, फळ पिकवायचं, एवढं जमलं तरच ती टिकली. आपल्याकडे बर्फ नाही, पण छाटणी करून बहार धरायची पद्धत आहे. नव्या फुटीवर झटपट फळ देणारी जात आपल्या छाटणीला नेमकी जुळते.

हार्डी शिकागो ही त्यातली सर्वात ओळखीची. मूळ सिसिलीतल्या एटना डोंगराच्या बाजूची, आणि तिच्यासारख्याच पुष्कळ जाती वेगवेगळ्या घराण्यांच्या नावांनी फिरतात. कडोटा म्हणजे इटलीची दोत्तातो. मिशन स्पॅनिश पाद्र्यांबरोबर कॅलिफोर्नियात गेलं. एकाच झाडाला तीन नावं आणि एकाच नावाखाली तीन झाडं, असा घोळ या छंदात कायमचा आहे. म्हणून नावाआधी तऱ्हा विचारावी. साधी, स्मर्ना की सॅन पेड्रो, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून दुर्मिळ काडीला चढा दर देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

छाटणीनं मारलेलं पीक

सॅन पेड्रो तऱ्हेचा पेच आपल्या भागात जास्त अवघड होतो, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. डेझर्ट किंग ही त्यातली नावाजलेली जात. अमेरिकेच्या वायव्येकडच्या गार भागात ती लोकप्रिय आहे, कारण गेल्या वर्षीच्या लाकडावरचं पहिलं पीक तिथे माशीविना मस्त पिकतं. वर थंड गावाचा जो नियम सांगितला त्याला हा एवढा अपवाद. आता हेच झाड सांगलीत आलं. द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करणारा हात अंजिरालाही तशीच जोरकस छाटणी देतो. त्यात जुनं लाकूड गेलं, म्हणजे माशीविना पिकणारं पीक गेलं. नव्या फुटीवर जे येतं ते माशी नसल्यानं गळतं. दोन्हीकडून हात रिकामा, आणि दोष मात्र जमिनीला.

संशय असेल तर एका बहारात निम्म्या फांद्यांना कात्री लावू नका, फक्त शेंड्याची सुकी काडी काढा. जुन्या भागावरचं फळ पिकलं आणि नव्या फुटीवरचं गळलं, तर झाड सॅन पेड्रो. दोन्हीकडचं गळलं तर बहुधा स्मर्ना. नव्या फुटीवरचं टिकलं तर झाड साधं आहे, आणि गळीचं कारण दुसरीकडे शोधायचं.

झाड साधं आहे, तरी गळतंय

पहिलं बघायचं झाडाचं वय. काडी रुजून पहिल्याच वर्षी फळ धरलं तर ते झाड टिकवेलच असं नाही. ती गळ सोडून द्यावी, किंवा फळं आपणच खुडावीत.

दुसरं, फळ खरंच गळतंय की नुसतं थांबलंय? अंजीर तीन टप्प्यांत वाढतं. सुरुवातीला भरभर मोठं होतं, मग कित्येक आठवडे जागचं हलत नाही, आणि शेवटच्या काही दिवसांत एकदम फुगून मऊ पडतं. मधल्या मुक्कामात फळ कडक आणि हिरवं असतं. घाबरून पाणी वाढवू नका, खत देऊ नका. बोटानं दाबून कडक लागलं तर सगळं ठीक. भूमध्य समुद्राकडच्या देशांत या मुक्कामाच्या अखेरीला फळाच्या डोळ्यावर तेलाचा एक थेंब लावून फळ लवकर पिकवायची जुनी रीत आहे, आणि ती खरोखर काम करते. पण खूप आधी लावलं तर फळ बेचव राहतं, म्हणून एरवी वाट बघणंच बरं.

तिसरं म्हणजे पाणी. गळ अर्धवट असेल, झाडाच्या एका बाजूला जास्त असेल, दुपारी पानं लोंबत असतील, तर पाण्याची ओढाताण समजावी. गच्चीवर कुंडीत लावलेल्यांचं हे नेहमीचं दुखणं: मार्चच्या उन्हात कुंडी तापते, एक दिवस पाणी चुकतं, दुसऱ्या दिवशी दुप्पट दिलं जातं. सेलेस्टसारखी जात तर अशा वेळी पटकन फळ सोडते. वीस लिटरची बादली मोठ्या झाडाला पुरत नाही. वर पाचट किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन द्या आणि पाणी थोडं थोडं, पण न चुकता द्या.

जमिनीचं सांगायचं तर अंजीर चुनखडीला घाबरत नाही आणि थोडा खारवटपणाही सोसतं. त्याला सोसत नाही ते साचलेलं पाणी. कृष्णाकाठच्या क्षारपड, जास्त पाणी पिऊन बसलेल्या काळ्या रानात दुर्मिळ जात लावायचीच असेल तर वरंबा उंच करून त्यात मुरूम मिसळा. माण, आटपाडी, खानापूरच्या हलक्या रानाला ही अडचण नाही. कमी पावसाचा तोच पट्टा मला अंजिराला जास्त मानवणारा वाटतो. वाई-महाबळेश्वरच्या बाजूला मात्र पावसात फळ धरू नका.

मुळांवर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत, आहेत का हेही एकदा उकरून बघा. बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर झाड अन्नपाणी नीट ओढत नाही आणि फळ टाकतं. जुन्या भाजीपाल्याच्या रानात हे जास्त सापडतं. निंबोळी पेंड, भरपूर कुजलेलं शेणखत आणि आळ्यात झेंडू यांनी जोर कमी होतो, पण पूर्ण जात नाहीत. म्हणून नवी काडी रुजवायला तिथली माती वापरूच नका.

पानांवर पिवळसर डाग, वाकडी पानं, कुठे फिकट गोल कडी दिसली तर तो मोझॅक विषाणू. तो काडीतूनच येतो आणि बारीक कोळीही पसरवतो. यावर औषध नाही. ब्लॅक मडेरा या अप्रतिम चवीच्या पोर्तुगीज जातीच्या काड्यांत हा रोग फार आढळतो. झाड जोमदार ठेवलं तर पुष्कळदा तरतं आणि फळही देतं, पण कोवळ्या वयात फळ टाकतं. त्याची काडी दुसऱ्याला देताना ही गोष्ट लपवू नये.

तांबेरा सगळ्यांच्या ओळखीचा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानाच्या मागे विटकरी भुकटी येते, पानं झडतात, आणि उघड्या फांदीवरचं फळ लहान, फिकं राहतं किंवा गळतं. पडलेली पानं गोळा करून बागेबाहेर न्या. नवी पानं येत असताना बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी द्राक्षवाल्यांना शिकवायला नको, फक्त फळ पिकत असताना ती करू नये.

चव कशी बघायची

एवढा खटाटोप चवीसाठी आहे, म्हणून घाई करू नका. अंजीर तोडल्यावर गोड होत नाही. मान मऊ पडून फळ खाली लोंबलेलं हवं, सालीवर बारीक भेगा हव्यात, देठ तोडल्यावर पांढरा चीक येता कामा नये. चीक येतो ते फळ कच्चं. खाल्लं तर ओठ चुरचुरतात, आणि तो चीक अंगाला लागून वर ऊन बसलं तर चट्टे उठतात.

पिकलेली चव साधारण दोन घराण्यांत पडते. कडोटा आणि बऱ्याच पांढऱ्या-हिरव्या जाती मधाकडे झुकतात, आतला गर सोनेरी. व्हायोलेट द बोर्दो, हार्डी शिकागो, ब्लॅक मडेरा यांचा गर लालभडक, त्यात रानमेव्यासारखा आंबटगोड करकरीतपणा. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची पनाशे यातच येते. ती उशिरा पिकते, पण आपला उन्हाळा तिला पुरेसा लांब आहे. गच्चीवर एकच झाड लावायचं असेल तर मी व्हायोलेट द बोर्दो सांगेन, ते आटोपशीर राहतं. आपल्या पूना अंजिराची पातळ साल आणि सौम्य गोडी ज्यांना आवडते, त्यांना लाल गराची चव पहिल्या घासाला तीव्र वाटेल, पण दुसऱ्या फळाला जीभ रुळते.

पावसात पिकलेलं फळ कुठल्याच जातीचं चवीला धरू नका. डोळा उघडा असलेल्या जातीत पाणी आणि साध्या माशा शिरतात, आतला गर आंबतो, डोळ्यातून फेसाळ रस गळतो. बंद डोळ्याच्या जाती थोड्या तग धरतात. म्हणूनच पावसाळा सरताना छाटणी करून उन्हाळ्याच्या तोंडाला फळ घ्यायचा मिठा बहार या जातींना चांगला. जात फेकून देण्याआधी उन्हातले दोन-तीन बहार तरी चाखून बघा.

स्मर्ना निघाली तर

झाड उपटू नका. संजीवकं फवारून कॅलिमिर्नाची फळं टिकवायचे प्रयोग अमेरिकेत झालेले आहेत, पण तिथले बागायतदार आजही माशीवरच अवलंबून आहेत, आणि आपण खायच्या फळावर अंदाजानं जीए मारू नये. माशी मागवण्याचा विचारही सोडा. परदेशातून काडी असो वा कीटक, आयात परवाना आणि पीक संरक्षण प्रमाणपत्राशिवाय आणणं बेकायदा आहे, आणि तसं आणलेल्या काडीबरोबर पुरंदरच्या बागांना घातक ठरेल असा रोगही येऊ शकतो. सामानात लपवून काडी आणायला कुणालाही सांगू नका. आपल्या देशातच हौशी लोकांकडे साध्या तऱ्हेच्या जुन्या जाती आता पुष्कळ आहेत.

सुक्या अंजिराच्या बिया पेरणाऱ्यांनाही हेच लागू. तुर्की-अफगाणी सुक्या अंजिरातलं बी बऱ्याचदा उगवतं, पण साधारण निम्मी रोपं नर निघतात आणि मादींतही माशी मागणारी भरपूर असतात. फळ हवं असेल तर ती वाट नको. वर दुसऱ्या जातीचं कलम बांधायला खुंट म्हणून मात्र ही रोपं उपयोगी पडतात.

स्मर्नाच्या जोमदार झाडाचाही तोच उपयोग करा. अंजिरावर कलम सहज बसतं. थंडी ओसरताना, डोळे फुगायच्या बेतात असताना, दोन-तीन मुख्य फांद्या मांडीएवढ्या उंचीवर कापून त्यावर साध्या तऱ्हेच्या जातीच्या पेन्सिलीच्या जाडीच्या काड्यांचं पाचर कलम बांधा. कापलेल्या जागी चीक खूप येतो, तो पुसून किंवा थोडा वेळ गळू देऊन मग काडी बसवा. एक फांदी मूळ जातीची राहू द्या, म्हणजे कलम फुटेपर्यंत झाडाला पानांचा आधार राहतो. कलमाच्या खालून येणारी फूट दर आठवड्याला खुडा. पुढच्या बहाराला कलमाच्या नव्या फुटीवर जे फळ धरेल, ते सुपारीएवढं होऊन थांबलं तरी या वेळी बोटाला कडक लागेल.